ती गाय तुमच्यासाठी हंबरत नव्हती

इवाईबुवा, तुमच्या तेरवीला गाय आणली होती.

हे आधीच सांगून टाकते. दुसरं काही सांगायला घेतलं तरी माझं मन तिथंच जाऊन अडतं. पांढरी गाय, कपाळाला हळदकुंकू, शिंगांना झेंडूची माळ, आणि गोरक्षण रोडवरच्या तुमच्या घरासमोर, मांडवाच्या बाहेर, एप्रिलच्या उन्हात विजेच्या खांबाला बांधलेली. अकोल्याचं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं. कास तटतटलेली, सडातून थेंब गळून राहिलेले, आणि वासराचा पत्ता नाही. तुम्ही असता तर अनवाणी धावत सुटला असता आणि आणणाऱ्याच्या बापजाद्यांचा उद्धार केला असता. पण तुम्ही हार घालून फोटोत बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ गप्प.

मला तुमचा राग आला आहे आणि तो कुठं काढायची सोय नाही. गेलेल्या माणसावर रागवायचा हक्क बायकोला असतो, मुलाला असतो, भावाला असतो. विहिणीला नसतो. माझी अश्विनी तुमच्या मंगेशला दिली, एवढाच आपला संबंध. तेरवीला मी आले ती पाहुणी म्हणून. पंख्याखाली खुर्ची मिळाली, सरबत मिळालं. ज्यानं त्यानं विचारलं, अमरावतीहून बसनं आल्या का गाडीनं. मूर्तिजापूरजवळ रस्ता कसा आहे, हेही विचारलं. तुमच्या जाण्यानं माझं काय झालं, हे एकानं विचारलं नाही. आणि काहून विचारतील? व्याही गेला म्हणून विहीण रडली, असं कधी कोणी पाहिलं आहे का?

तरी मी तुमच्याशी जितकी भांडले तितकी माझ्या नवऱ्याशीही भांडले नसेन. सुरुवात लग्नाच्या मांडवातच झाली. मी जड शालू सावरत पंगतीत वाढायला निघाले, तर तुमची बहीण बाकीच्या बायांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाहा, इनबाई कशी म्हशीवानी डुलत येऊन राहिली." बाया हसल्या. मुलीची आई मी, गिळलं. तेवढ्यात तुम्ही ताटावरून उठलात, खरकट्या हातानं, आणि सगळ्या पंगतीला सांगितलंत की म्हैस हा शब्द महिषीवरून आला आणि महिषी म्हणजे राजाची पट्टराणी. "तवा माझ्या बहिणीनं इनबाईचा मानच केला आहे, कोणी मनाले लावून घेऊ नका." मी म्हटलं, मग यापुढं तुमच्या बहिणीलाही मी रोज पट्टराणीच म्हणत जाईन. तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. तुमच्या बहिणीनं त्यानंतर माझ्याशी वर्षभर अबोला धरला, ती गोष्ट वेगळी.

मी जन्मभर मराठी शिकवलं, तुम्ही जन्मभर ढोरं तपासली. हिवरखेडपासून सेमाडोहपर्यंत जिथं बदली झाली तिथल्या गोठ्यातून शब्द उचलून आणलेत. माझे मिस्टर गेल्यानंतर रविवारी सकाळी तुमचा फोन यायला लागला. सांत्वनाचा शब्द नाही. पहिल्याच फोनवर विचारलंत, "इनबाई, गवाक्ष म्हणजे काय?" मी म्हटलं, खिडकी. "तसं नाही. गाईचा डोळा. माणसानं भिंतीले भोक पाडलं अन् त्याले गाईचा डोळा म्हटलं. अन् गवेषणा? हरपलेली गाय हुडकणं. आता तुमचे पीएचडीवाले गवेषणा करतात, गाय कोणालेच सापडत नाही." घर रिकामं झाल्यावर मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असता.

अश्विनी म्हणायची, आई, दर रविवारी तास-तास काय बोलता, लोक काय म्हणतील. काय म्हणतील? तुमच्या बाजूला ताई बसलेल्या असायच्या तुरीच्या शेंगा सोलत, फोन मोठ्या आवाजात लावलेला. मधूनच त्यांचा आवाज यायचा, "ढोरावरून भांडाले लागले पाहा दोघं." आपल्या भांडणाची राखण तुमची बायकोच करायची. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत.

तुमचं एक मला पटायचं आणि एक मुळीच पटायचं नाही. पटायचं ते हे, की माणूस जनावराकडून शब्द घेतो आणि वर त्यालाच शिवी करून ठेवतो. बावळटाला बैल म्हणायचं, भित्र्याला शेळपट म्हणायचं, आणि ज्या बैलाच्या खांद्यावर सारं वऱ्हाड पिकलं त्याला विचारायचंसुद्धा नाही. तुमच्या दवाखान्यात एका शेतकऱ्यानं पोराला "गाढवा" म्हणून हाक मारली, तर तुम्ही त्याला बाहेर काढलंत. म्हणालात, "पह्यले गाढवाची माफी माग, मंग बैल पाहतो." तो बिचारा खरंच कुठं गाढव आहे का म्हणून बाहेर पाहून आला.

आणि तुमचे धाकटे बंधू, आमचे काकाजी. त्यांना जिथं तिथं गाय दिसायची. गोधडीत गाय, गोंधळात गाय, गोड म्हणजे म्हणे गाईच्या दुधाची चव. रोज सकाळी ग्रुपवर एक शोध. तुमचा जीव कासावीस व्हायचा. "अरे, गोड गुळापासून आलं, गाईपासून नाही. गाईनं तुमाले काय कमी दिलं म्हणून तिच्या नावानं खोटं मांडून राहिले?" सख्ख्या भावाला तुम्ही ग्रुपवर सगळ्यांदेखत फटकारत होता. ते मात्र दुसऱ्या दिवशी हात जोडलेली बाहुली आणि नवा शोध पाठवायचे. माणूस वाईट नाही. ऐकत नाही एवढंच.

जे पटत नव्हतं ते सांगते. हंबरडा. तुम्ही म्हणायचात, हंबरडा गाईचा आहे. गाय हंबरते, त्यातून हंबरडा. माणसाला रडायला स्वतःचं पुरलं नाही म्हणून त्यानं तो गोठ्यातून उचलून आणला. मी म्हणायचे, उगीच. माणसाकडं रडणं आहे, आक्रोश आहे, आकांत आहे. "आक्रोश पेपरात असतो, इनबाई. घरात हंबरडाच असतो." मी चिडायचे. आई लेकरासाठी पहिल्यापासून रडते आहे, शब्द कुठला का असेना, रडणं आमचं आहे, गाईकडून शिकायची गरज नाही. तेव्हा तुम्ही एकदम आवाज खाली आणलात. हिवरखेडला असताना एका गाईचं वासरू दगावलं होतं, मालकानं ते उचलून नेलं आणि गाय ती जागा सोडीना. "हंबरून हंबरून तिचा आवाज बसला. निस्ती हवा यायची. बिना आवाजाचं हंबरणं ऐकलं आहे का तुमी?" मी म्हटलं, नाही ऐकलं, पण म्हणून मी माझं म्हणणं सोडणार नाही. "सोडू नका. पुढच्या रविवारी पाहू." त्या पुढच्या रविवारी तुम्ही दवाखान्यात होता, ढोरांच्या नाही, माणसांच्या. भांडण अर्धवट टाकून जाणं हे तुमच्या स्वभावात नव्हतं. मला याचाही राग आहे.

आता गाईचं. दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वी तुम्हाला एका गोठ्यात बोलावलं होतं. गाय तापानं फणफणलेली, कास दगडासारखी. चौकशी केली तर गोदानाची गाय. गावात कोणाचं दहावं-तेरावं असलं की तिला न्यायचं, घरच्यांनी शेपटीला हात लावून पाणी सोडायचं, म्हणजे मेलेला माणूस वैतरणी नदी पार. मग तीच गाय दुसऱ्या घरी. वासरू घरी बांधायचं, कारण ते सोबत असलं की गाय एका जागी उभी राहत नाही, आणि दूध काढायला वेळ कोणाला. त्या रविवारी तुम्ही शब्दांवर बोललाच नाहीत. म्हणालात, "इनबाई, वात्सल्य कुठून आलं? वत्सापासून. वत्स म्हणजे वासरू. ज्या जनावरापासून आईपणाचा शब्द घेतला त्याच्या वासराले बांधून ठेवून आमी स्वर्गात चाललो." मी नेहमीप्रमाणं खुसपट काढलं, की वत्स म्हणजे मुळात एका वर्षाचं, त्याचं नातं वत्सराशी आहे. तुम्ही एकदा तरी हसाल असं वाटलं होतं. हसला नाहीत. "माझ्या मागं गाय आणू देऊ नका. ध्यानात ठेवा."

काहून मला सांगितलंत? मंगेशला सांगायचं होतं, काकाजींना बजावायचं होतं. त्या घरात माझी सत्ता ती किती. व्याह्याच्या घरच्या कार्यात विहिणीनं खुर्चीवर बसायचं, वाढतील ते गोड मानायचं आणि मुलीकडं पाहून तोंड शिवून ठेवायचं. हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

तर तेरवीला झालं ते असं. गुरुजी आत बसले होते, त्यांना अजून दोन घरं करायची होती, ते घड्याळ पाहून राहिले होते. बाहेर गाय हंबरायला लागली. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. माना वळल्या. काकाजी उठले, फोन काढला आणि गाईसमोर उभे राहून टिपायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं, हे मी नाकारत नाही. मांडवात येऊन सगळ्यांना म्हणाले, "पाहा. जनमभर ज्यायची सेवा केली, थे मुकं जनावर दादाजीसाठी रडून राहिलं. गोमातेनं हंबरडा फोडला." बायांनी पदर डोळ्यांना लावले. कोणी हात जोडले. एक जण तर गाईच्या पाया पडून आला. पंधरा मिनिटांत तो व्हिडिओ ग्रुपवर, मागं कसलंतरी सनईचं रडगाणं लावून. संध्याकाळपर्यंत तो मला अमरावतीच्या दोन बायांनी पाठवला.

तुमच्या तेरवीला, तुमच्या दारात, ढोरांच्या डॉक्टरच्या दारात, एकाही माणसानं त्या गाईची कास पाहिली नाही. साध्या डोळ्यांना दिसत होती. तुमच्या नावानं रडते आहे म्हटल्यावर मग तिला उन्हातून हलवायचीही गरज उरली नाही, पाण्याची बादलीही कोणी ठेवली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. अश्विनीनं माझा पदर ओढला, "आई, बस ना, प्लीज."

मी म्हटलं, "काकाजी, ती डॉक्टरांसाठी नाही हंबरून राहिली. वासरासाठी हंबरते आहे. तिला घरी पाठवा."

काकाजींनी माझ्याकडं पाहिलं ते मला विसरता येणार नाही. रागानं नाही, दुखावून पाहिलं. मग सावरून म्हणाले, "इनबाई, तुमी पाहुण्या आहा. आमच्या घरचं आमी पाहू." मंगेश, माझा जावई, खाली मान घालून पत्रावळ्या मोजत राहिला. अश्विनी आत निघून गेली. मला कळलं की आज मी लेकीच्या घरचा उंबरा महाग करून घेतला. आणि तरी मी बसले नाही, आत ताईंकडं गेले.

खरी भीती तिथं होती, इवाईबुवा. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेरा दिवसांत त्यांचं तोंड पार सुकून गेलं होतं. बाजूच्या बाया त्यांना सांगून राहिल्या होत्या, पाहा ताई, साहेबांसाठी गाय रडते. आणि ताई कान देऊन ऐकत होत्या. हे मी त्यांच्यापासून काढून घ्यायचं? तुमच्या खऱ्याखोट्याचा हट्ट तुमच्या बायकोच्या पदरात टाकायचा? मी दारातच उभी राहिले.

ताईंनीच बायांना बाहेर पाठवलं. म्हणाल्या, "तुमी बोलल्या थे ऐकलं मी."

"ताई, रागावू नका."

"रागवाचं काय त्यात? ढोराच्या डॉक्टरची बायको आहो मी. आली तवाच खिडकीतून तिची कास पाह्यली."

"मग बोलला काहून नाहीत?"

त्या म्हणाल्या, "या घरात कोणीतरी मोठ्यानं रडून राहिलं होतं ना, इनबाई. मंगेश रडत नाही, निस्ती कामं करून राहिला. तुमची अश्विनी मोरीत नळ सोडून रडते, मले ऐकू येते. मी रडाले गेली की चार जणी पाणी घेऊन येतात, बीपी वाढन म्हणतात. थे गाय हंबरत होती तर मले वाटलं, चालू दे तिचं जराशीक." आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पण आता बस झालं. तिचं दूध गळून राहिलं."

तेराव्याच्या दिवशी बाई घराबाहेर निघाली. काकाजी आडवे आले, वहिनी, तुमी कुठं, गुरुजी थांबले आहेत, शेपटीले हात तर लावा. ताई म्हणाल्या, "त्यायले नदी पार कराले गाय नाही लागत, भाऊजी. त्यायचे हात किती गाईच्या पोटात गेले अन् किती वासरं बाहेर घेऊन आले, थे तिथं कोणीतरी मोजलं असन." खांबाचं दावं सोडलं आणि निघाल्या. गाय आणणारा मागून काही बोलला, कोणी ऐकलं नाही. मी चपला घालून मागं धावले.

दावं नावालाच धरलं होतं. गाय आम्हाला ओढत नेत होती. रस्त्यात मी ताईंना सांगितलं की गाय आणू नका असं तुम्ही मला म्हणाला होता. त्या चालता चालता म्हणाल्या, "माहीत आहे. मी बाजूलेच बसून राहत होती ना शेंगा सोलत. मरणाचं मले सांगाची हिंमत नव्हती त्यायची. तुमाले सांगून राहिले होते, मी ऐकावं म्हणून." म्हणजे मी कोण, तुमची पोस्टमन? इतक्या वर्षांचं आपलं भांडण, त्यातलं किती माझ्यासाठी होतं आणि किती बाजूला बसलेल्या ताईंना ऐकू जावं म्हणून, हे आता मी कोणाला विचारू? विचारायचं राहूनच गेलं, आणि याचाही राग आहेच.

मागच्या वस्तीत टिनाचा गोठा होता. घरधनीण दारात चूल सारवत होती. आम्हाला पाहून ती घाबरली, दावणीतलं वासरू सोडून दिलं. वासरानं कासेला तोंड घातलं, दोनदा ढुशी मारली, आणि गाय एकदम गप्प झाली. मान वळवून ती त्याला चाटायला लागली.

आणि मग ताई फुटल्या. परक्या गोठ्यात, शेणात उभ्या राहून, तोंडावर पदर न घेता. मी त्यांच्याजवळ गेले तर नेमकी मी कोण म्हणून त्यांना धरणार, तेच मला कळेना. मी खांबाला धरून उभी राहिले. त्या बाईनं पाण्याचा तांब्या आणला नाही की काही नाही. एक पोतं आणून खाली टाकलं, ताईंना त्यावर बसवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"यायचे मालक गेले का?"

मी मान हलवली.

"अन् तुमचे कोण होत?"

"इवाई," मी म्हटलं. पुढं काय सांगणार होते, रविवारचा फोन, की आणखी काही? ती मात्र थांबलीच नाही. तिनं पोत्याची दुसरी बाजू पसरली.

"मंग तुमी काहून उभ्या? बसा ना बाई. रडून घ्या."

बसले, इवाईबुवा. वासरू पिऊन होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो.